कुर्डी माहीत असलेल्यांसाठी ग्राऊन: मेरान ते रेशेन तलाव, रेल्वे आणि बसने

इटलीच्या दक्षिण टिरोल प्रांतात, ऑस्ट्रियाच्या सीमेला खेटून, समुद्रसपाटीपासून 1498 मीटरवर रेशेन तलाव आहे. त्याच्या पाण्यातून इगर्जीचा, म्हणजे चर्चचा, एक दगडी मनोरा वर आलेला दिसतो. बुडालेल्या ग्राऊन गावाची ती खूण. गाडीने येणारे बहुतेक लोक रस्त्याकाठी थांबतात, फोटो घेतात आणि निघून जातात. गोव्याच्या सांगे तालुक्यातलं, साळावली धरणात बुडालेलं कुर्डी गाव ज्यांनी पाहिलं आहे, धरणाचं पाणी उतरल्यावर तिथे जोती आणि विहिरी कशा उघड्या पडतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी ग्राऊन असं पाहू नये. खालून, मेरानहून, सार्वजनिक वाहनाने वर यावं. दरी समजल्याशिवाय गाव समजत नाही, आणि ही रेल्वे-बस सेवा दरी नीट दाखवते. पाचपैकी साडेचार गुण.

मेरान ते मल्स ही रेल्वे सुमारे 60 किलोमीटरची. 1906 साली सुरू झाली, 1990 मध्ये बंद पडली आणि 2005 मध्ये प्रांताने ती पुन्हा चालू केली. मेरान सुटल्यावर ट्योलपर्यंतचा चढ सर्वांत खडा. तो संपला की गाडी सफरचंदाच्या बागांतून पश्चिमेकडे जाते. एवढ्या बागा पाहून पाऊस भरपूर असेल असं वाटतं, पण डोंगरांच्या आडोशामुळे ही दरी आल्प्समधल्या सर्वांत कोरड्या दऱ्यांपैकी एक आहे. म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी शतकानुशतकं डोंगरकड्याने पाणी खेळवलं. त्या चरांना इथे ‘वाल’ म्हणतात. आपल्या कुळागरातला (सुपारीच्या बागेतला) पाट ज्याला कळतो, त्याला त्यांची आखणी, उतार आणि पाणी वाटून घेण्याची पद्धत लगेच उमगेल. वालांच्या कडेने पायवाटा आहेत. वेळ असेल तर मधल्या एखाद्या स्थानकावर उतरून तासभर चालावं.

मल्स हे शेवटचं स्थानक, साधारण हजार मीटरवर. स्थानकाबाहेरच बस मिळते आणि ती रेशेन खिंडीकडे, पुढे ऑस्ट्रियातल्या नाउडर्सकडे जाते. ग्राऊनला पोचायला सुमारे अर्धा तास लागतो. बसमध्ये डावीकडची खिडकी धरा. रस्ता तलावाच्या पूर्व काठाने जातो, त्यामुळे पाणी आणि मनोरा दोन्ही त्याच बाजूला येतात. चढताना एकदा मागे वळून पाहा: 3905 मीटरचा ऑर्टलर दिसतो. बस जिथून वर चढते ती माल्सर हायडे म्हणजे बाजूच्या ओढ्यांनी आणलेल्या दगडमातीचा प्रचंड पंखा. अशाच गाळाने या दरीची पायरी घडवली आणि वरच्या अंगाला पाणी अडवलं.

तिकिटाबाबत एक सूचना. या प्रांतातल्या बऱ्याच निवासांत पाहुण्यांना गेस्ट पास मिळतो आणि त्यावर प्रादेशिक रेल्वे व बस दोन्ही चालतात. आरक्षण करतानाच विचारून घ्या. पास खिशात असून भागत नाही. प्रत्येक वेळी चढताना यंत्रावर नोंद करावी लागते, आणि रेल्वेचं यंत्र फलाटावर असतं, डब्यात नव्हे. अर्धा गुण कापला तो विद्युतीकरणाच्या कामांसाठी. त्यामुळे रेल्वेचा काही भाग बंद ठेवून पर्यायी बस सोडतात आणि मल्सची जोडणी चुकू शकते. निघायच्या आदल्या दिवशी वेळापत्रक पाहा.

आता मूळ गोष्ट. इथे आधी तीन नैसर्गिक तळी होती. खिंडीतून रोमनांचा व्हिया क्लाउडिया ऑगुस्टा हा रस्ता जात असे, म्हणजे ग्राऊन कोपऱ्यातलं गाव नव्हतं; ये-जा करणाऱ्यांच्या वाटेवरचं होतं. पहिल्या महायुद्धानंतर हा जर्मनभाषक मुलूख ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. पाण्याची पातळी पाच मीटरने वाढवायची जुनी योजना 22 मीटरवर नेण्यात आली आणि तिची जाहीर सूचना इटालियन भाषेत लावली गेली. पाद्री आल्फ्रेड रीपर यांनी पोपपर्यंत दाद मागितली. काम थांबलं नाही. 1950 च्या उन्हाळ्यात मोंतेकातिनी कंपनीच्या धरणाने वरची दोन तळी एक केली. 163 घरं आणि 523 हेक्टर जमीन गेली. घरं आधीच सुरुंगाने उडवली होती. इगर्ज पाडली, 1357 सालचा मनोरा तेवढा राहिला, कारण तो संरक्षित होता.

हिवाळ्यात घंटा ऐकू येतात अशी दंतकथा पर्यटकांना सांगितली जाते. घंटा 18 जुलै 1950 रोजीच उतरवल्या होत्या.

कुर्डीशी तुलना इथे खरी उपयोगी पडते. हिवाळाभर वीज काढल्यामुळे वसंतात इथली पातळीही खाली जाते, पण सुरुंगामुळे वर येतो तो मुख्यतः गाळ. 2021 मध्ये कामासाठी पाणी उतरवलं तेव्हा तळघरांच्या भिंती आणि पायऱ्या दिसल्या. कुर्डीत मे महिन्यात लोक देवाच्या उत्सवाला परततात. इथे जुनं गाव आठवायचं तर मनोऱ्याशिवाय दुसरी खूण जवळपास नाही. म्हणून नव्या ग्राऊनमधलं स्थानिक संग्रहालय चुकवू नका, मात्र उघडण्याची वेळ आधी विचारा.

तलावाभोवतीची फेरी सुमारे 15 किलोमीटर आहे. चालत चार-पाच तास धरा. पश्चिम काठावरून मनोरा लांब दिसतो, पण बुडालेल्या जमिनीचा आवाका तिथूनच कळतो. वारा जोराचा असतो, उगाच का इथे पतंगाच्या दोरीने पाण्यावर सरकणारे येतात. जुलैतही अंगावर जाकीट हवं. हिवाळ्यात तलाव गोठतो आणि लोक चालत मनोऱ्यापर्यंत जातात. पण धरणाचं पाणी खालून कमी होत असतं, त्यामुळे काठाशी बर्फ तडकतो. स्थानिकांनी वाट मोकळी असल्याचं सांगितल्याशिवाय पाय ठेवू नका.

पोटासाठी मल्समधूनच ‘राय’ या धान्याच्या पिठाची जोडपाव घेऊन चढा. त्यात घातलेल्या पानांचा वास मेथीच्या जवळचा असतो. परतीच्या शेवटच्या बसची वेळ थांब्यावर उतरल्या उतरल्या टिपून ठेवा, मग मनोऱ्याकडे वळा.