उंटवाडीचे निरीक्षणगृह की घरचा उंबरठा?

नाशिकच्या सातपूरमधला पंधरा वर्षांचा मुलगा मोबाइलचोरीत सापडला, तर बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार पोलिसांना त्याला कोठडीत ठेवता येत नाही. २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. तिथून दोन वाटा फुटतात. उंटवाडीच्या निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना अशा मुलांना ठेवतात तिथे, तो सराईत टोळीपासून तुटतो, आणि टोळीच दारात उभी असेल तर हे आवश्यकच आहे; पण शाळा सुटते आणि वाईट संगत तिथेही लागू शकते. पालकांच्या हमीवर घरी सोडलेल्या मुलाची वही उघडून पाहणारा, ओट्यावर बसून त्याच्या आईशी बोलणारा परिवीक्षा अधिकारी (सोडलेल्या मुलाच्या वागण्यावर देखरेख ठेवणारा) आणि साध्या वेशात येणारा बालकल्याण पोलीस अधिकारी लाभला, तर किरकोळ गुन्ह्यात मला हीच वाट मनापासून योग्य वाटते. मात्र दोघांचे येणे पहिल्या महिन्यातच थांबता कामा नये.