१४ मिमीची मॅन्युअल लेन्स: तळ्याकाठच्या दोन उन्हाळ्यांनंतर

ही लेन्स घेऊन चौदा महिने झाले. घेताना डोळ्यासमोर एकच जागा होती. दर उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे आम्ही सगळे तळ्याकाठच्या घरी जमतो, तिथलं रात्रीचं आकाश मला टिपायचं होतं. लेन्स १४ मिमी (ही फोकल लेंथ, जितकी लहान तितकं दृश्य रुंद), एफ २.८ (हा अॅपर्चरचा, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा आकडा, जितका लहान तितकं छिद्र मोठं), पूर्ण मॅन्युअल. ऑटोफोकस नाही, कॅमेऱ्याशी विजेची जोडणीही नाही, त्यामुळे फोटोच्या माहितीत अॅपर्चरचा आकडा येत नाही. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा. अशा लेन्स बऱ्याच कंपन्या काढतात आणि स्वभावाने त्या एकमेकींच्या बहिणीच असतात, म्हणून नाव लिहीत नाही.

आधी कटकट सांगते. मला पहिली आलेली लेन्स सदोष होती. डाव्या कोपऱ्यातले तारे ठीक, उजव्या कोपऱ्यातले मात्र पंख पसरलेल्या पाखरांसारखे. वाइड लेन्समध्ये पूर्ण उघड्या अॅपर्चरला कोपऱ्यात थोडा कोमा, म्हणजे ताऱ्यांचा असा पसारा, असतोच, पण तो दोन्हीकडे सारखा हवा आणि एफ ४ला बराचसा आवरला पाहिजे. माझ्या लेन्सचा उजवा कोपरा एफ ५.६लाही सुधारेना. म्हणजे आतलं एखादं भिंग मध्यापासून सरकलेलं. विक्रेत्याचं उत्तर आलं, ‘हे नॉर्मल आहे.’ चारही कोपरे शंभर टक्के मोठे करून शेजारी शेजारी लावून पाठवले, तेव्हा बदलून मिळाली. त्यात तीन आठवडे गेले आणि त्याच तीन आठवड्यांत अमावस्या होती. तेव्हा लेन्स हातात आली की पहिल्या निरभ्र रात्री तारे टिपून चारही कोपरे तपासा. दिवसा भिंतीचा फोटो काढून हा दोष सहज लपतो, ताऱ्यांपुढे लपत नाही.

दुसरी लेन्स मात्र मनासारखी निघाली.

फोकसची गंमत वेगळी. रिंगवर अनंताची खूण आहे, पण खरं अनंत त्या खुणेवर नाही, किंचित अलीकडे आहे. पहिल्या रात्री मी खुणेवर विश्वास ठेवला आणि चाळीस फोटो भुरके आले. आता काळोख पडला की कॅमेरा आधी अभिजित या ठळक ताऱ्यावर रोखते, कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं थेट दृश्य (लाइव्ह व्ह्यू) दहापट मोठं करते आणि रिंग केसाएवढी पुढे-मागे करत तो ठिपका लहानात लहान करते. बारीक होतो, अजून बारीक होतो, मग एकदम फुगायला लागतो. तिथून केसभर मागे. मग रिंगवर मास्किंग टेप. गेल्या उन्हाळ्यात लावलेली टेप यंदा काढली, तर खालचा रबर चिकट झाला होता. टेप दर मुक्कामाला नवी लावा.

ताऱ्यांच्या रेघा न होता शटर किती सेकंद उघडं ठेवता येईल (एक्सपोजर), यासाठी ‘५०० भागिले फोकल लेंथ’ हा नियम सगळीकडे सांगतात. १४ मिमीला त्याचं उत्तर ३५ सेकंद येतं. ते विसरा. आकाश सेकंदाला १५ कोनीय सेकंद या वेगाने सरकतं. माझ्या कॅमेऱ्यावर २० सेकंदांत खगोलीय विषुववृत्ताजवळचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातला) तारा साधारण साडेतीन पिक्सेल सरकतो, ३५ सेकंदांत सहा. मोबाइलच्या पडद्यावर दोन्ही चालतील, छापून भिंतीवर लावायचं तर सहा दिसतात. मी २० सेकंद, एफ २.८, आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० यावर स्थिरावले आहे. एकाऐवजी सोळा फोटो सलग काढून स्टॅक करते, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक जुळवून त्यांची सरासरी काढते, त्याने नॉइज, म्हणजे अंधारातल्या फोटोतला दाणेदारपणा, चौथ्या हिश्शावर येतो. स्टॅकिंगमध्ये आकाश आणि जमीन वेगवेगळी जुळवावी लागतात, कारण तारे हलतात, झाडं नाही.

आता तळं. आमचं घर उत्तर काठावर आहे, त्यामुळे दक्षिणेकडे थेट पाणी आणि पलीकडे झाडांची काळी रेघ. वृश्चिक आणि धनु, म्हणजे आकाशगंगेचा सगळ्यात उजळ भाग, बरोबर पाण्यावर येतो. आम्ही ४५ उत्तर अक्षांशाच्या आसपास असल्याने वृश्चिकेतली लालसर ज्येष्ठा ही तारका क्षितिजापासून जेमतेम अठरा-एकोणीस अंश वर चढते. सुरुवातीला मला हे दुर्दैव वाटायचं. मग प्रतिबिंबांचं गणित कळलं. पाणी आरशासारखं सगळंच परत पाठवत नाही. दहा अंश उंचीवरच्या ताऱ्याचा सुमारे एक तृतीयांश प्रकाश पाण्यातून परत येतो, तीस अंशांवरच्या ताऱ्याचा सोळावा हिस्सा, म्हणजे चार स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). पाण्यात आकाशगंगा उतरलेली हवी असेल, तर ती खाली टेकलेलीच बरी. डोक्यावरची हवी तेवढी झगमगू दे, पाण्यात काळोखच राहणार. या लेन्सचा आवाका इथे कामी येतो. आडव्या चौकटीत उभा कोन ८१ अंशांचा, त्यामुळे आकाश आणि त्याचं प्रतिबिंब दोन्ही एका फोटोत मावतात. २४ मिमीला ते मावेना, तेव्हा मी दोन फोटो जोडत बसायचे आणि पाण्यावरची शिवण नेहमी दिसायची.

वारा पडायला हवा, हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडे तो बहुतेक मध्यरात्रीनंतर पडतो.

ट्रायपॉड धक्क्यावर लावू नका. आमचा लाकडी धक्का पाण्यावर तरंगणारा आहे. मी श्वास रोखून उभी, शटर उघडं, आणि भाचा ‘मामी, झालं का?’ विचारत अनवाणी चालत आला. त्या फोटोत प्रत्येक ताऱ्याला शेपूट आहे. धक्क्याला बसलेला धक्का लेन्सला कळतो तेवढा कुणालाच कळत नसेल. आता ट्रायपॉड काठावरच्या दगडांत, मधला दांडा खाली, आणि धक्का फोटोत.

खरा शत्रू दव. तळ्याकाठी हवा आधीच दमट आणि या लेन्सचं पुढचं भिंग कांद्यासारखं फुगीर. निरभ्र रात्री काच आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते आणि भोवतालच्या हवेहून थंड होते. मग तिच्यावर दव धरतं, तेही अंधारात, तुम्हाला न कळता. पहिल्या उन्हाळ्यातल्या सर्वांत स्वच्छ रात्री मी तासभर फोटो काढत होते. सकाळी पाहिलं, तर शेवटची चाळीस मिनिटं दुधात बुडालेली. पॉवर बँकेवर चालणारा हीटरचा पट्टा आता हूडच्या लगेच मागे गुंडाळते आणि दव पडायच्या आधीच चालू करते. पडल्यावर चालू केला तर काच सुकायला फार वेळ लागतो. पुसू तर अजिबात नका. मी ओढणीने पुसलं होतं, त्याचे फराटे दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयात दिसले.

सासूबाई आणि पोर्चचा दिवा हा स्वतंत्र विषय आहे. रात्री कुणाचा पाय घसरून पाण्यात जाईल म्हणून त्या दिवा बंद करू देत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण ही लेन्स १०४ अंश रुंद बघते, घर पाठीशी असलं तरी बाजूची झाडं पिवळी दिसतात. बऱ्याच वाटाघाटींनंतर दिवा पायऱ्यांशी, खाली तोंड करून, लाल बल्बचा झाला. लाल उजेडात डोळ्यांचं अंधाराला सरावणंही फारसं मोडत नाही, नाहीतर एका पांढऱ्या झळीने पुन्हा वीस-तीस मिनिटं जातात. वाटाघाटी चालू असताना एका रात्री त्यांनी दोनेक सेकंद दिवा लावून लगेच विझवला होता. काठावरची उलटी ठेवलेली होडी तेवढ्यात उजळली. माझ्या दोन वर्षांच्या फोटोंत तोच एक सगळ्यांना लक्षात आहे. त्यानंतर तसा उजेड मुद्दाम पाडायचा मी दहादा प्रयत्न केला, जमला नाही.

घरात मुलं असतील तर तारखा बघून जा. जूनच्या अखेरीस या अक्षांशावर खरा काळोख, म्हणजे सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेल्यावरचा, सव्वातीन तासच असतो. ऑगस्टच्या मध्यावर तो सहा तासांवर जातो. शिवाय प्रत्येक तारा रोज सुमारे चार मिनिटं आधी त्याच जागी येतो. दोन आठवड्यांच्या मुक्कामात शेवटच्या रात्री धनु जवळजवळ तासभर आधी भेटते. यंदा आम्ही ऑगस्टमध्ये गेलो, तर पोरं झोपायच्या आत आकाशगंगा समोर हजर.

१२-१३ ऑगस्टच्या ययाती उल्कांसाठी मात्र या लेन्सवर फार भरवसा ठेवू नका. आकाश भरपूर मावतं, पण एफ २.८ला तिचं छिद्र अवघं ५ मिमीचं. अंधारात सरावलेल्या तरुण डोळ्याची बाहुली याहून मोठी असते. सुमारे चारशे फोटोंत मला नऊ उल्का मिळाल्या. त्याच वेळात आडवी पडलेली मुलं तीसच्या पुढे मोजत होती आणि कॅमेऱ्याला हसत होती.

दिवसाच्या निसर्गचित्रांसाठी निव्वळ ही लेन्स घेऊ नये. सरळ रेषा कडांकडे नागमोडी होते, आणि तळ्याकाठी पलीकडचा किनारा ही एकच सरळ रेषा तर प्रत्येक फोटोत असते. ती बरोबर मध्यावर ठेवली तर सरळ राहते, नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये या लेन्सची वक्रता सुधारणारी प्रोफाइल लावा. पुढच्या फुगीर भिंगामुळे साधा फिल्टर बसत नाही, म्हणून प्रकाश कमी करून शटर बराच वेळ उघडं ठेवता येत नाही. पाणी गुळगुळीत हवं असेल, तर ट्रायपॉडवरून वीस फोटो काढून त्यांची सरासरी काढते. पहाटे गार हवा कोमट पाण्यावर उतरून धुकं उठतं, तेव्हा ही लेन्स छान चालते, पण त्यासाठी ३५ मिमीही पुरते. सूर्य चौकटीत आला की हिरवे ठिपके येतात.

पुन्हा घेईन का? हो, पण चारही कोपरे तपासून.

एक राहिलं. पुढची टोपी खटका नसलेली, नुसती सरकवून बसवायची आहे आणि ती सैल आहे. यंदा दुसऱ्याच रात्री निसटून दगडांवर टणटणत पाण्यात गेली. सकाळी भाच्याने बुड्या मारून पाहिल्या, त्याला एक जुनं वल्हं सापडलं. सध्या लेन्स त्याच्या लोकरी टोपीत राहते.