12 ची जोडी सोडून 7 ची घेतली: अकरा महिन्यांचा अनुभव

इंग्लंडमधल्या लेस्टरहून निघालं की अर्ध्या तासात स्टोनी कोव्ह येतं. ग्रॅनाइटची ही खाण 1958 मध्ये बंद पडली, झऱ्याच्या पाण्याने भरली, आणि आता आमच्यासारखे डायव्हर बाराही महिने तिथे पडीक असतात. मी पाण्याखाली पहिला श्वास घेतला तो तारकर्लीला, ॲल्युमिनियमच्या एकाच सिलिंडरवर, स्विमसूट आणि पातळ वेटसूटमध्ये. इथे फेब्रुवारीत पाणी सहा अंशांवर येतं, अंगावर ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न येऊ देणारा सूट, आणि आत जाडजूड कपडे असतात. इथल्या क्लबात जोडी, म्हणजे एकत्र बांधलेल्या दोन सिलिंडरांचा ट्विनसेट, वापरणारे भरपूर आहेत, आणि बहुतेकांच्या पाठीवर 12 लिटरची जोडी असते. मीही तिनेच सुरुवात केली. पहिले चार महिने एका मैत्रिणीची 12 ची जोडी वापरली, मग 7 लिटरची स्वतःची विकत घेतली. तिला आता सात महिने झाले.

आधी वजनाचं सांगते, कारण दुकानात ते कुणी नीट सांगत नाही. दोन स्टीलचे 12, त्यांना जोडणारी मधली नळी म्हणजे मॅनिफोल्ड, दोन पट्टे आणि भरलेली हवा मिळून माझ्या काट्यावर जवळजवळ 40 किलो भरले. आपल्याकडचा घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर 30 किलोच्या आसपास असतो, म्हणजे तो पाठीवर आणि वर दहा किलो. जोडीत नुसती हवाच साडेसहा किलोंच्या वर असते! मी पाच फूट एक इंच. बाकावर ठेवून पट्ट्यांत शिरायचं आणि कुणीतरी हात दिला की उठायचं, असं चाललं होतं. पाण्यात वजन जाणवत नाही हे खरं, पण पाण्यातून शिडीने वर येताना जाणवतं. शिवाय लांब सिलिंडरचा खालचा भाग माझ्या कमरेखाली जाऊन पाय सतत खाली ओढायचा. आडवं, सपाट तरंगणं मला चार महिन्यांत धड जमलं नाही.

तरी एवढा गॅस, म्हणजे श्वासाची हवा, लागेल म्हणून मी ते सहन करत होते. मग एका रविवारी वही घेऊन बसले. 232 बार दाबाने भरली की 12 ची जोडी 5568 लिटर हवा देते, 7 ची 3248. माझा श्वास मिनिटाला 18 लिटरचा. 30 मीटरवर दाब चौपट, म्हणजे मिनिटाला 72 लिटर. त्यातून हातचं राखायचं किती? बडीचा, म्हणजे बरोबरच्या डायव्हरचा, गॅस संपला आणि दोघी घाबरून मिनिटाला 30-30 लिटर ओढायला लागलो असं धरलं. एक मिनिट तळाशी सावरायला, मिनिटाला नऊ मीटरच्या वेगाने वर यायला, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायला मिळून हजार लिटर लागतात. 7 च्या जोडीत ते 72 बार होतात. उरलेल्या 2200 लिटरमध्ये तळाशी तीस मिनिटं मिळतात. साध्या हवेवर 30 मीटरला डीकोच्या, म्हणजे अंगात मुरलेला नायट्रोजन निघून जावा म्हणून वर येताना घ्यायच्या, थांब्याशिवाय 20 मिनिटांच्या आसपासच राहता येतं, 32 टक्के ऑक्सिजनच्या नायट्रॉक्सवर जेमतेम तीस. 12 च्या जोडीतला माझा राखीव सोडून उरलेला गॅस तासभर पुरला असता, आणि त्यातला निम्मा मी दर वेळी तसाच वर घेऊन येत होते.

आता कुणी म्हणेल, मग 15 चा एकच सिलिंडर का नको? त्यात 3480 लिटर मावतात, म्हणजे 7 च्या जोडीपेक्षा जास्त, आणि किंमतही कमी. हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचं उत्तर फेब्रुवारीत मिळालं.

स्टॅनेगार्थ नावाचा जुना वाफेचा टग 2000 साली स्टोनी कोव्हच्या मधल्या टप्प्यावर मुद्दाम बुडवला आहे. त्याच्या शेजारी, 21 मीटरवर, माझा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडाशी देणारं यंत्र, फ्री-फ्लो झाला. दाब उतरताना हवा थंड होते, तशात पाणी थंड असलं की रेग्युलेटरच्या सिलिंडरवर बसणाऱ्या भागात, फर्स्ट स्टेजमध्ये, बर्फ धरतो, झडप उघडी राहते आणि हवा धबाधब वाहायला लागते. डोळ्यांसमोर नुसते बुडबुडे. उजवा हात मागे नेला, उजवा व्हॉल्व्ह बंद केला, गळ्यात रबरी दोरीला अडकवलेला दुसरा रेग्युलेटर तोंडात घेतला. वीसेक सेकंद गेले असतील. दाबाचं गेज 160 वरून 130 वर आलं होतं. उजवा व्हॉल्व्ह बंद असला तरी मॅनिफोल्डवरचा मधला व्हॉल्व्ह, म्हणजे आयसोलेटर, उघडा असल्याने दोन्ही सिलिंडरमधली हवा मला डावीकडून मिळत होती. एकच सिलिंडर असता तर तो रिकामा होण्याच्या आत वर पोचायची घाई करावी लागली असती, किंवा बडीचा हात शोधावा लागला असता. बडी तीन मीटरवर होती, पण तिची पाठ माझ्याकडे होती. आम्ही शांतपणे वर आलो, पाच मीटरवरचा थांबाही पूर्ण केला.

म्हणूनच जोडी घेणाऱ्याला माझा पहिला प्रश्न लिटरचा नसतो. ड्रायसूट घालून, जाड हातमोज्यांनिशी, तुमचा हात तिन्ही व्हॉल्व्हच्या मुठींपर्यंत पोचतो का? 12 च्या जोडीत माझा डावा हात पोचत नव्हता. मूठ बोटांना लागायची, फिरायची नाही. 7 ची जोडी आखूड असल्याने मी ती पट्ट्यांत दोन बोटं वर सरकवून बसवली, कमरेचा पट्टा किंचित सैल ठेवला, आणि दर डाइव्हच्या शेवटी सहा मीटरवर तिन्ही व्हॉल्व्ह उघडझाक करायचा सराव केला. नीट जमायला दोन महिने लागले. ज्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही तो असून नसल्यासारखा, हे मी फार कळकळीने सांगते आहे.

आयसोलेटरचं आणखी एक. एका ठिकाणी भरायला दिलेली जोडी परत आली ती आयसोलेटर बंद करून. गेज डाव्या बाजूला, तिथे 230 दिसत होतं. पाण्यात जाण्याआधी सवयीने मुठीला हात लावला, हळू उघडली, तर सूंऽऽ असा आवाज. उजवा सिलिंडर भरलेलाच नव्हता, आणि मी श्वास उजवीकडून घेते. तेव्हापासून जोडी ताब्यात घेतानाच मूठ उघडून कान देते.

7 च्या जोडीचे तोटेही आहेत. हलकी म्हणून शिसं जास्त लागतं. 12 वर मला दोन किलो पुरायचं, आता सहा लागतं. तरी एकूण दहा-अकरा किलो वाचतात, आणि शिसं वेगळं उचलता येतं. दुसऱ्या डाइव्हआधी पुन्हा भरावीच लागते, 12 वाले मात्र एका भरणीत दोन उरकतात. काँप्रेसर नसलेल्या बोटीवर हे अडचणीचं आहे. हे सिलिंडर बारीक, 140 मिलिमीटर व्यासाचे, त्यामुळे 12 साठीचा रुंद मॅनिफोल्ड त्यांना चालत नाही. जुना स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नका. इथे अडीच वर्षांनी आतून तपासणी आणि पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी करावी लागते, आणि जोडीला तो खर्च दुप्पट येतो. मॅनिफोल्ड न लावता दोन सुटे सिलिंडर बांधणारेही आहेत, पण अधूनमधून रेग्युलेटर बदलत दोन गेजांवर लक्ष ठेवणं मला मानवलं नाही.

देवगडच्या माझ्या चुलतभावाने विचारलं, मालवणसाठी घेऊ का? नको, असंच सांगितलं. कोमट पाण्यात, तिथल्या खोलीला एक सिलिंडर आणि जवळ राहणारा बडी पुरे.

ऑगस्टमध्ये मी स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर, स्कापा फ्लोच्या उपसागरात जाते आहे. 21 जून 1919 ला जर्मन आरमाराने स्वतःच बुडवलेल्या जहाजांपैकी सात मोठी अजून तिथे तळाशी आहेत. त्यातलं क्योल्न नावाचं क्रूझर 35 मीटरच्या आसपास आहे. त्या खोलीवर माझा राखीव गॅस 1200 लिटरच्या घरात जातो, आणि बरोबरचे सगळे डीकोचे थांबे घेणार आहेत. तिथे 7 ची जोडी कमी पडेल. म्हणून त्या आठवड्यापुरती 12 ची भाड्याने ठरवली आहे, आणि डावा हात त्या मुठीपर्यंत पोचावा म्हणून रोज सकाळी खांद्याचा व्यायाम सुरू केला आहे. जुलैच्या शेवटी मैत्रिणीची जोडी पुन्हा मागून स्टोनी कोव्हला तपासून बघेन. हात पोचला नाही, तर क्योल्नवर जाणार नाही.