भात्याचं कापड: १० महिन्यांनंतर काय टिकलं

मागच्या नोव्हेंबरात जुन्या वागेश्वरी कॅमेऱ्याला नवीन भाता (लेन्स आणि निगेटिव्हच्या मधला, बाहेरचा उजेड अडवणारा घड्यांचा भाग) बसवला, आता सप्टेंबर, म्हणजे सांगलीचा उन्हाळा पण झाला आणि पावसाळा पण, म्हणून आता लिहितोय, पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर सगळं भारीच लिहिलं असतं.

कॅमेरा हाफ प्लेट (म्हणजे साधारण पावणेपाच बाय साडेसहा इंचाच्या निगेटिव्हचा), लाकडी, केरळात आलेप्पीला बनलेला. बनवणारं घर मुळात वाद्यं दुरुस्त करणारं, कुणीतरी त्यांच्याकडं कॅमेऱ्याचा फाटका भाता घेऊन आलं आणि तिथून त्यांचं कॅमेरे बनवणं सुरू झालं. हे डोक्यात होतं म्हणून मी पण सरळ मिरजेला पेटी दुरुस्त करणाऱ्या चाचांकडं गेलो. चाचांनी भाता उलटापालटा केला आणि म्हणाले, "आमचा भाता हवा धरतोय, उजेडाचं मला विचारू नका." कोपऱ्याला लावतात ते पातळ चामडं मात्र दिलं थोडं.

पहिला प्रयत्न रेक्झिनचा, आणि तो वाया गेला. दिसायला मस्त, उजेड पण येत नाही, पण जाडी! रेक्झिन, पुठ्ठा, आतलं अस्तर मिळून सव्वा मिलिमीटर झालं, भात्याला २० घड्या, म्हणजे बंद केल्यावर ४० थर, म्हणजे ५ सेंटिमीटर. कॅमेरा मिटेचना. शिवाय भाता आतून चकाकला की फोटो धुरकट येतो. हा हिशोब कापायच्या आधी करा, मी नंतर केला.

छत्रीचं कापड पण बघितलं, पातळ एकदम, पण टॉर्च लावला की तारे चमकल्यासारखी भोकं.

शेवटी बाहेरून काळं पॉपलिन, मध्ये २०० जीएसएम कार्डाच्या पट्ट्या, आतून कॅमेऱ्याच्या शटरला वापरतात ते रबर चढवलेलं काळं मॅट कापड. हे शेवटचं महाग पडलं, बाहेरून मागवावं लागलं, पण पैसे घालायचे तर इथंच घाला, वरचं कापड कुठलं का असेना. तिन्ही मिळून ०.६ मिलिमीटर, मिटल्यावर अडीच सेंटिमीटरच्या आत. पट्ट्यांमध्ये २ मिलिमीटर फट सोडा, नाहीतर घडी नीट पडत नाही आणि कोपऱ्यात कापड ताणून फाटतं.

गोंदाचं बोलायचं तर, स्प्रेवाला गोंद एप्रिलच्या उन्हात सुटला, पट्ट्या आतल्या आत सरकल्या, सगळं उसवून परत फेव्हिकॉल एसआरनं केलं, पातळ हात मारून, दोन्ही बाजू सुकू देऊन. बुकबाइंडरची खळ वापरायचा विचार पण करू नका, नमुन्याचा तुकडा झुरळांनी दोन रात्रीत खाल्ला.

चाचांच्या चामड्याला जुलैत पांढरी बुरशी आली. पुसली की जाते, परत येते.

फिल्मऐवजी कागदाच्या निगेटिव्हवर फोटो काढतो मी, सावलीत १०-१५ सेकंदांचं एक्स्पोजर, त्यामुळं उजेडाची बारीक गळती पण लगेच दिसते. म्हणून दर महिन्याला रात्री दिवे घालवून भात्यात मोबाईलचा टॉर्च ठेवतो, डोळे सरावायला १० मिनिटं बसतो (घरचे हसतात) आणि मग कोपरे बघतो. सपाट भागात अजून काही नाही, जे काय होतं ते कोपऱ्यातच होतं. परवा उजवीकडं चौथ्या घडीत टाचणीएवढा ठिपका दिसला, आतून फॅब्रिकचा काळा रंग दोन वेळा लावला. सध्या बंद आहे.