एडिटरची थीम: आयफ्रेम की इनलाइन?

टायनीएमसीई हा वेबपेजवर मजकूर लिहायचा एडिटर नेहमीच्या मोडमध्ये मजकूर आयफ्रेममध्ये, म्हणजे पेजच्या आतल्या वेगळ्या पेजमध्ये ठेवतो. पेजची सीएसएस (रंग-फॉन्ट ठरवणारे नियम) आत पोचत नाही, त्यासाठी वेगळी फाइल जोडावी लागते. डार्क मोडसाठी बाहेर बदललेली सीएसएस व्हेरिएबल्सही (नाव देऊन ठेवलेले रंग वगैरे) आत लागू होत नाहीत. मग टूलबार काळा आणि लिहायची जागा पांढरीफटक!

इनलाइन मोडमध्ये मजकूर पेजच्याच एका डिव्हमध्ये (चौकटीत) असतो, त्यामुळे फॉन्ट, रंग, ओळींमधलं अंतर आपसूक मिळतं. पण टेलविंड ही सीएसएस लायब्ररी वापरत असाल, तर तिचं प्रीफ्लाइट (सगळ्या पेजला आधीच लागणारे मूळ नियम) यादीचे ठिपके काढून टाकतं, ते एडिटरमधूनही जातात. लिहिणाऱ्याला वाटतं, यादीचं बटणच बिघडलंय. सीएसएसमध्ये एडिटरच्या क्लासखालच्या यादीला ‘लिस्ट-स्टाइल: डिस्क’ आणि डावं पॅडिंग दिलं की ठिपके परत येतात.

माझी पसंती इनलाइनलाच. मजकूर शेवटी कसा दिसणार हे लिहितानाच कळतं. ईमेलचे टेम्प्लेट बनवायचे असतील तर मात्र आयफ्रेम घ्या, तिथे पेजची सीएसएस मिसळायला नको.