तुरुंगातल्या माणसासाठी अर्ज: नागपुरात कोणत्या दारावर जायचं?

मागच्या पावसाळ्यात सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा कोर्टात एक मावशी माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. छत्रीचं पाणी पायाशी ठिबकत होतं. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात मुलाच्या मिरगीच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या आणि एकाच अर्जाच्या पाच झेरॉक्स. "पाच जागी देऊन आली साहेब, पोराले गोळ्या टायमावर भेटूनच नाही राहिल्या." मुलगा विदर्भातल्या एका कारागृहात कच्चा कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल अजून लागायचा आहे असा. पाचही प्रती उलटून पाहिल्या, एकीवरही आवकचा शिक्का नव्हता. कागदोपत्री मावशी कुठेच गेल्या नव्हत्या.

अर्ज नेमका कोणाकडे द्यायचा, हे असं बरेच जण विचारतात. गोळी आज रात्री हवी असेल तर दार वेगळं, आणि आजवर का दिली नाही याचा जाब हवा असेल तर वेगळं. दोन्ही एका खिडकीवर मिळाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आजची गोळी अधीक्षकांच्याच हातात असते. तुरुंग हा राज्याचा विषय, त्यामुळे वर मंत्रालयातलं गृह खातं, मग पुण्यात बसणारे अपर पोलीस महासंचालक व कारागृह महानिरीक्षक, मग विभागाचे उपमहानिरीक्षक अशी उतरंड आहे. पण भिंतीच्या आत शब्द चालतो तो अधीक्षकांचा. डॉक्टरकडे कधी न्यायचं, मेडिकलला (सरकारी रुग्णालयात) पाठवायला गार्ड कधी द्यायचा, कोणाला कोणत्या बराकीत ठेवायचं, सगळं तिथेच ठरतं. म्हणून औषध, मुलाकात, बराक बदलणे असल्या गोष्टींचा पहिला अर्ज अधीक्षकांच्याच नावाने द्या, दोन प्रतींत, आणि दुसरीवर पोच घेतल्याशिवाय फाटकावरून हलू नका. शिपाई "ठेवून जा" म्हणाला की बहुतेक जण ठेवून येतात. मावशींनीही तेच केलं होतं.

जामिनाच्या बाबतीत तर कायद्यानेच अधीक्षकांवर काम टाकलंय. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ४७९ प्रमाणे, गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कच्चा कैदी म्हणून काढला, किंवा पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश, की अधीक्षकांनी स्वतः कोर्टाला लेखी कळवायचं असतं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळलेत, आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तरी हा लाभ मिळत नाही. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तरी ही तरतूद जुन्या कैद्यांनाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने त्याच ऑगस्टमध्ये स्पष्ट केलं. तुमचा माणूस यात बसतो का, हे बोटांवर मोजा आणि अर्जात कलमाचा आकडा लिहा. आकडा पाहिला की अर्ज वाचला जातो, हा माझा अनुभव.

मात्र अधीक्षकांकडून जाबाची अपेक्षा ठेवू नका. स्वतःच्याच कारभाराचा निवाडा कोण नीट करणार? आणि वरच्यांचं म्हणाल, तर ३१ मार्च २०१५ च्या पहाटे नागपूर मध्यवर्ती कारागृहातून पाच कैदी गज कापून पळाले, तेव्हा अधीक्षक निलंबित झाले. व्हायलाच हवे होते. पण १८६४ सालच्या या कारागृहाची क्षमता १,८४०, आणि आतली माणसं वर्षानुवर्षं त्याहून जास्त. पदं मंजूर करणं, नव्या बराकी बांधणं अधीक्षकांच्या सहीने होत नाही. ज्यांच्या सहीने होतं, त्यांचा नंबर असल्या वेळी लागलेला मला दिसला नाही. तक्रार करताना हे लक्षात ठेवा: गोळी चुकली तर ती अधीक्षकांची जबाबदारी, पण दीडशेच्या जागी अडीचशे झोपत असतील तर तो अर्ज त्यांच्या नावाने लिहून उपयोग नाही.

पूर्व विभागाच्या उपमहानिरीक्षकांचं कार्यालय नागपुरातच आहे, म्हणून लोकांना ते जवळचं वाटतं. शिक्षा लागलेल्या कैद्याच्या फर्लोसाठी, म्हणजे ठरावीक दिवसांच्या रजेसाठी, तिथे जावंच लागतं, तो अधिकार त्यांचा. औषधाच्या तक्रारीला मात्र तिथून बहुतेकदा एकच पत्र निघतं, "अहवाल सादर करावा", आणि ते परत अधीक्षकांच्याच टेबलावर येऊन पडतं.

माझा कल कोर्टाकडे, आणि तोही सगळ्यात खालच्या. तुमचा माणूस ज्या कोर्टाच्या वॉरंटवर आत आहे, त्याच कोर्टात साधा अर्ज टाका: अमुक आजार, अमुक गोळी, अमुक डॉक्टरांची चिठ्ठी, कारागृहाकडून वैद्यकीय अहवाल मागवावा. कोर्टाने मागितलं की कारागृहाला तारखेच्या आत लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर कायमचं रेकॉर्डवर राहतं. वकिलाला पैसे नाहीत ही अडचण इथे टिकत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, मग घरची कमाई कितीही असो. १५१०० वर फोन करा, नाहीतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात सरळ जाऊन बसा.

मारहाण झाली असेल तर प्रकरण वेगळं. तिहारमधल्या सुनील बत्रा या कैद्याने दुसऱ्या कैद्याला झालेल्या छळाबद्दल न्यायमूर्तींना साधं पत्र लिहिलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने तीच याचिका मानली. १९७९ च्या त्या निकालाने तुरुंगात तक्रार पेट्या आल्या, न्यायाधीशांच्या भेटी आल्या. त्यामुळे मारहाणीचा अर्ज प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या नावाने लिहा. जखमा दिसताहेत तोवर लिहा, दोन आठवड्यांनी नको.

राज्य मानवी हक्क आयोग मुंबईत आहे. अर्ज फुकट, पण घटनेपासून एक वर्षाच्या आत. आयोग चौकशी करतो, भरपाईची शिफारस करतो. सक्ती करू शकत नाही. कोठडीतल्या मृत्यूत हे दार नक्की ठोठावा, गोळीसाठी नको.

उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ हे सगळ्यात वजनदार दार. तिथला आदेश पुण्याला आणि मंत्रालयालाही बांधतो. फर्लो किंवा पॅरोल नाकारला तर तिथेच जायचं. अशा याचिका तिथे रोजच्याच. पण खालच्या कोर्टात मागितलंच नसेल तर पहिला प्रश्न तोच येतो. इथेही विधी सेवा उपसमितीकडून मोफत वकील मिळतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. जिवाशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते, तेव्हा अर्जाच्या डोक्यावर तसं ठळक लिहा. त्याने गोळी मिळणार नाही, पण दवाखान्याच्या रजिस्टरात काय नोंद आहे ते कळू शकेल. "खासगी माहिती" म्हणून नाकारू नये यासाठी कैद्याचं संमतीपत्र जोडा.

आमदारांचं पत्र एकट्याच्या कामाला फारसं येत नाही. गर्दी, अपुरे डॉक्टर, रिकामी पदं हे विषय असतील तर मात्र डिसेंबर गाठा. विधिमंडळाच्या नागपुरातल्या हिवाळी अधिवेशनात अख्खं गृह खातं शहराच्या मधल्या बर्डीहून पायी जाण्याच्या अंतरावर येतं, आणि सभागृहात उत्तर मंत्र्यांनाच द्यावं लागतं.

आता भीतीचं. सगळं ऐकून घेतल्यावर मावशींनी हळूच विचारलं, "आत त्याले त्रास तं नाही देतील ना?" ही भीती खोटी आहे असं मी म्हणालो नाही. बत्रा निकालाने शिक्षा म्हणून एकांतात टाकणं, दूर पाठवणं हे सत्र न्यायाधीशांच्या नजरेखाली आणलं, हे सांगितलं. पण रात्री बराकीत न्यायाधीश नसतो, हे त्यांनाही कळत होतं. म्हणून त्यांच्या अर्जात "तक्रार" हा शब्द आम्ही कुठेच येऊ दिला नाही. आजार लिहिला, गोळीचं नाव लिहिलं, चिठ्ठ्या जोडल्या, खटल्याच्या कोर्टात टाकला. पुढच्या तारखेला कारागृहाचा अहवाल आला, त्यात गोळ्या सुरू केल्याची तारीख होती: आमचा अर्ज पडला त्याच्या दुसऱ्या दिवसाची. आधीच्या दोन महिन्यांबद्दल अहवालात एक ओळ नव्हती. ते विचारायचं का, असं मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, पोरगा बाहेर आल्यावर पाहू.