नव्या सिंफनीचा पहिला प्रयोग: स्वतःची मैफल, संस्थेचा हंगाम की आधी लहान गाव?

सिंफनी, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, लिहून झाली की संगीतकार सभागृह शोधायला निघतो. आधी शोधायच्या असतात त्या तालमी. बीथोव्हनची पाचवी सिंफनी वाजवायला बसलेल्या वादकाच्या कानात ती आधीपासून असते, त्यामुळे कागदावर चूक असली तरी हात बरोबर पडतो. नव्या कृतीत त्याच्याकडे समोरच्या कागदाखेरीज काहीच नसतं. म्हणून खालचे तिन्ही मार्ग आम्ही एकाच मापाने मोजले आहेत: तेच वादक, दुरुस्त कागद घेऊन, एकत्र किती तास बसणार?

स्वतःची मैफल

सभागृह तुमचं, कार्यक्रम तुमचा, वादक तुम्ही निवडलेले, आणि खर्चही तुमचाच. २२ डिसेंबर १८०८ रोजी बीथोव्हनने व्हिएन्नात थिएटर आन डेर वीनमध्ये हेच केलं. पाचवी आणि सहावी सिंफनी एकाच संध्याकाळी पहिल्यांदा लोकांपुढे आल्या. त्यांच्या जोडीला चौथा पियानो कॉन्चेर्टो (एकल पियानो आणि वाद्यवृंदाची रचना), मासचे (चर्चच्या प्रार्थनासंगीताचे) भाग आणि शेवटी पियानो, गायकवृंद आणि वाद्यवृंदासाठी घाईत लिहिलेली कोरल फँटसी. सगळं मिळून चार तास, तेही कडाक्याच्या थंडीत. त्याच संध्याकाळी शहरात दुसरी मोठी धर्मादाय मैफल होती, त्यामुळे चांगले वादक तिकडे गुंतलेले. सगळ्या कृतींची मिळून एक पूर्ण तालीम काही झाली नाही, आणि फँटसी मध्येच विस्कटून पुन्हा सुरू करावी लागली. इथे संगीतात दोष नव्हता. तारीख चुकली आणि कार्यक्रम लांबला. आजही स्वतःची मैफल करणारे याच दोन ठिकाणी घसरतात: ‘एवढा खर्च करतोच आहोत तर अजून एक कृती घेऊ’ असं म्हणतात, आणि ती जादा कृती सिंफनीच्या तालमीतले दोन तास खाते.

७ मे १८२४ ला कर्न्टनरटोर थिएटरात नववी सिंफनी झाली तेव्हा घडी जास्त चांगली बसली होती. मिखाएल उमलाउफ कंडक्टर, शुपानत्सिग मुख्य व्हायोलिनवादक. बहिरा झालेला बीथोव्हन शेजारी उभा होता, पण वादकांनी बघायचं ते उमलाउफकडे. (लिहिणारा आणि हात हलवणारा वेगळा असावा, हे आमचंही ठाम मत आहे. संगीतकाराने सभागृहात स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेली प्रत, घेऊन बसावं.) तरीही पूर्ण तालमी दोनच. बीथोव्हनचं अक्षर वर्षानुवर्षं वाचणारा नकलनवीस श्लेमर आदल्याच वर्षी वारला होता, म्हणजे पार्ट्स (एकेका वाद्याचे वेगळे कागद) नवख्या हातांनी उतरवलेले. गल्ला सुमारे २,२०० गुल्डनचा झाला, त्यातले खर्च वजा जाता हातात राहिले ४२०. नकला उतरवण्याचा खर्च त्या वजाबाकीतच होता. २३ मे रोजी भर दुपारी रेडूटेनझालमध्ये दुसरा प्रयोग लावला, तर बाहेर छान ऊन पडलेलं आणि आत रिकाम्या खुर्च्या.

हा मार्ग घ्यायचा असेल तर किमान चार तालमींचे पैसे बाजूला काढल्याशिवाय सभागृहाला आगाऊ रक्कम देऊ नका.

संस्थेचा हंगाम

कायमचा वाद्यवृंद, ठरलेला श्रोता, तिकिटं विकणारी यंत्रणा, आणि एकमेकांचा श्वास ओळखणारे वादक. सगळ्यात सुरक्षित वाटणारा मार्ग हाच. धोका आत लपलेला असतो: कार्यक्रमात तुम्ही एकटे नसता.

रशियन संगीतकार राखमानिनॉफची पहिली सिंफनी मार्च १८९७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला बेल्यायेवच्या मैफलमालेत झाली. कंडक्टर होता ग्लाझुनॉफ. त्याच कार्यक्रमात आणखी दोन कृती पहिल्यांदाच वाजत होत्या, त्यामुळे तालमीची वेळ तिघांत वाटली गेली. प्रयोग इतका वाईट झाला की राखमानिनॉफ त्यानंतर जवळपास तीन वर्षं लिहूच शकला नाही.

म्हणून संस्थेला पहिला प्रश्न ‘किती तालमी?’ असा विचारू नका, ‘माझ्या कृतीला किती मिनिटं?’ असा विचारा. हिशेब असा. अडीच तासांच्या चार तालमी, प्रत्येकीत २० मिनिटांचं मध्यंतर. हाती राहतात ५२० मिनिटं. कॉन्चेर्टो आणि ओव्हर्चर (सुरुवातीची छोटी रचना) धरता ४० मिनिटांच्या सिंफनीला फार तर २४० येतात. पहिलं वाचन अडखळत ६० मिनिटं घेतं, रंगीत तालमीत सलग ४०. कामाची उरतात १४०. आता पार्टमधली एक चूक काय करते ते बघा. दुसऱ्या हॉर्नवाला हात वर करतो, कंडक्टर स्कोअरमध्ये तो बार (तालाचा एक कप्पा) शोधतो, संगीतकाराला मागच्या रांगेतून हाक मारतो, ‘फा की फा शार्प?’, आणि तोवर सत्तर माणसं वाद्यं मांडीवर घेऊन बसतात. अडीच मिनिटं गेली. अशा २० चुका म्हणजे ५० मिनिटं, म्हणजे कामाच्या वेळेचा तिसरा हिस्सा.

मुंबईत एनसीपीएचा (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सचा) सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया (स्थापना २००६) वर्षभर न वाजता हंगामात वाजतो, आणि बरेच वादक परदेशातून येतात. अशा ठिकाणी सगळ्या तालमी मोजक्या दिवसांत कोंबलेल्या असतात. सोमवारी सापडलेली चूक घरी नेऊन निवांत दुरुस्त करायला मधला आठवडाच नसतो, त्यामुळे पार्ट्स आधीच निर्दोष हवेत.

आधी लहान गाव

आमचा कौल इकडे झुकतो. जर्मन संगीतकार ब्राम्सने पहिली सिंफनी व्हिएन्नात आधी नेलीच नाही. ४ नोव्हेंबर १८७६ ला ती कार्ल्सरूहेत झाली, कंडक्टर होता ऑटो डेसॉफ. गाव लहान होतं, पण माणूस लहान नव्हता: डेसॉफने त्याआधी बरीच वर्षं व्हिएन्ना फिलहार्मोनिक सांभाळली होती. तीन दिवसांनी मानहाइम, मग म्युनिक, आणि व्हिएन्ना थेट डिसेंबरात. दुसरा भाग बदलून स्कोअर छापायला गेला तो या सगळ्यानंतर, १८७७ मध्ये. आपल्याकडे नाटकवाले मुंबईचा प्रयोग लावण्याआधी बाहेरगावी चार प्रयोग करून संहिता घासून घेतात, त्यातलाच हा प्रकार.

तोटाही आहे. लहान गावात तंतुवाद्यं कमी असतात. आठ पहिल्या व्हायोलिनींवर चार हॉर्न आणि तीन ट्रॉम्बोन आले की व्हायोलिनची ओळ बुडते, आणि संगीतकार घाबरून पितळी वाद्यांचे स्वर खोडायला लागतो. ते करू नका. तिथे फक्त ‘फोर्ते’चं (मोठ्याने) ‘मेझोफोर्ते’ (मध्यम मोठ्याने) करा, पेन्सिलीने. वाद्यरचना बदलायची की नाही ते मोठ्या वाद्यवृंदात ऐकून ठरवा. चुकीचे स्वर, अशक्य श्वास आणि न उलटणारी पानं मात्र लहान वाद्यवृंदही तितकीच चोख दाखवतो.

सिंफनीत गायकवृंद असेल तर चौथाच मार्ग: महोत्सव. ऑस्ट्रियन संगीतकार मालरच्या आठव्या सिंफनीत (म्युनिक, १२ सप्टेंबर १९१०) ८५८ गायक आणि १७१ वादक होते. व्हिएन्ना आणि लाइपझिगच्या गायकसंस्था आपापल्या गावी बसवून आल्या, म्हणून शेवटचे दिवस पुरले. खमका आयोजक मागे नसेल तर या वाटेला जाऊ नये.

कोणताही मार्ग घ्या, कागद मात्र हेच

तंतुवाद्यांत दोघांत एक पार्ट, बाकीच्यांना प्रत्येकी एक. १४-१२-१०-८-६ (पहिली व दुसरी व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बास) अशा ५० तंतुवादकांना २५ प्रती. दोन-दोन फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बासून, चार हॉर्न, दोन ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन, ट्युबा आणि टिंपनी मिळून १९. एकूण ४४, शिवाय प्रत्येक तंतुविभागाची एक जादा प्रत. पंचरेषा निदान ७ मिलिमीटर उंच हवी, कारण एका स्टँडवर दोघं दुरून वाचतात. ए-फोर कागद त्यासाठी तोकडा पडतो.

पान उलटायची जागा विश्रांतीत हवी. फ्लूटवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले असताना पान संपलं, तर तो पुढचे चार स्वर गाळणार, आणि तालमीत तो दोष त्याच्याच नावावर पडणार. लांब विश्रांतीनंतर शेजारच्या वाद्याची खुणेची ओळ बारीक अक्षरात द्या. ४७ बार मोजत बसलेला माणूस ४६व्या किंवा ४८व्या बारला शिरतो. तालमीची अक्षरं (‘इथून पुन्हा’ सांगता यावं म्हणून घातलेल्या खुणा) स्कोअरमध्ये आणि प्रत्येक पार्टमध्ये त्याच बारवर आहेत ना, हे एकाने मोठ्याने वाचावं आणि दुसऱ्याने पडताळावं. गज वर की खाली, या खुणा मुख्य व्हायोलिनवादकाकडून पहिल्या तालमीआधी घेऊन सगळ्या स्टँडच्या प्रतींवर उतरवा.

प्रयोग संपला की टाळ्यांत हरवू नका. त्याच रात्री ४४ च्या ४४ प्रती स्टँडवरून गोळा करून मोजा. वादकांच्या पेन्सिलखुणा हीच पुढच्या आवृत्तीची दुरुस्तीयादी असते. राखमानिनॉफच्या त्या सिंफनीचा स्कोअर हरवला, पण वादकांचे पार्ट्स राहिले. त्याच्या मृत्यूनंतर ते लेनिनग्राडमध्ये (म्हणजे सेंट पीटर्सबर्गमध्येच) सापडले, त्यांवरून स्कोअर पुन्हा जुळवला गेला, आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये मॉस्कोत सिंफनीचा दुसरा प्रयोग झाला.